खाली कोण उतरणार?

हारून परकारच्या निकाहात काझीसाहेबांनी "कबूल आहे?" असं विचारलं, नेमका त्याच वेळी बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि नवरदेव उठून बाहेर गेला.

मांडवात अशी शांतता पसरली की मागच्या अंगणातल्या बिर्याणीच्या देगेचं खदखदणं ऐकू यायला लागलं. नवरीच्या, म्हणजे हवाबीच्या, मामांनी बाह्या दुमडल्या. एवढ्यात नवरदेव परत आला, सेहऱ्याच्या माळा बाजूला सारून जागेवर बसला आणि म्हणाला, "चिऱ्यांचा ट्रक होता. त्याला पाणी पायजे होता." मग जरा दम घेऊन म्हणाला, "कबूल."

"ट्रकवाल्याला आधी विचारलान, माझा नंबर नंतर," हे हवाबी अजूनही ऐकवते. भांडण कशावरूनही सुरू झालं तरी त्या ट्रकवर येऊनच थांबतं.

खरं तर यात हारूनचा दोष नव्हता. दोष ओमानातल्या इब्राचा होता, जिथून तो लग्नासाठी सुट्टीवर आला होता. मस्कतहून निघालं, डोंगर मागे टाकले, की हे इब्रा लागतं. गावाच्या तोंडाशी पेट्रोल पंप आणि पंपाला खेटून हारूनचं किराणा-सामानाचं दुकान. इथे गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. ते दुकानासमोर गाडी लावतं, एसी चालू ठेवतं आणि हॉर्न वाजवतं. दुकानदाराने पळत जायचं. काच बोटभर खाली येते, आतून थंड हवा येते आणि आवाज येतो, "रफीक, दोन पाणी, एक लबन, एक पराठा चिप्स घालून." दुकानदार कुणीही असो, तो रफीक, म्हणजे दोस्त; आणि लबन म्हणजे ताक. दुकानदाराने पळत आणून द्यायचं. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही. आपल्याकडे घरात शिरताना चपला बाहेर राहतात, तिथे दुकानात शिरण्याऐवजी दुकानदार बाहेर येतो, एवढाच फरक.

पण माणूस वर्षानुवर्षं असं पळत राहिला, की त्याच्या पायांचा आणि डोक्याचा संबंध सुटतो. हारूनचा सुटला होता. हॉर्न वाजला की पाय निघत. डोकं मागाहून पोचे आणि विचारी, आपण इथे काय करतोय? जेवताना, नमाजानंतर, फोनवर आईशी बोलताना, कधीही. दोन हॉर्नांच्या मधल्या वेळात त्याला बसवत नसे. तो फळीवरचे डबे उगाच पुढे-मागे करी, फ्रीज उघडून बंद करी, आणि रस्त्याकडे असा बघे, जसा खाटकाच्या दुकानासमोरचा कुत्रा बघतो.

दुकानाचं नाव होतं 'मुस्तकबल अल शर्किया'. म्हणजे शर्किया प्रांताचं भविष्य. हे नाव अर्बाबने ठेवलेलं, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक सालिम याने. आत जाऊन पाहिलं तर शर्कियाच्या भविष्यात दोन फ्रीज, तांदळाची पोती, चहाचा मोठा थर्मास आणि एक गळका एसी होता. एसी बाहेरच्या बाजूला गळायचा. हवाबी आदल्या हिवाळ्यात फॅमिली व्हिसावर आली, तेव्हा तिने पहिलं ते गळणं पाहिलं, आणि त्याच्याखाली दोडक्याची बी टोचली. वेल भिंत चढून बोर्डापर्यंत गेला. बोर्डावरच्या भविष्याला दोडके लटकले.

"आख्ख्या ओमानात माझ्या हक्काचं काय हाय, तर हा दोडका," ती म्हणायची.

ही गोष्ट घडली त्या वर्षी जानेवारीत पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे सोडले, आणि दर महिन्याला बदलायला लागले. त्याआधी पेट्रोलचा भाव हा डोंगरासारखा होता, तो असायचा, त्यावर कुणी बोलायचं नाही. आता लोक बोलायला लागले. रस्त्यापलीकडे स्वस्तात सगळं विकणारं एक भलंमोठं दुकान आलं. त्यात बादल्या, चपला, अजान देणारी घड्याळं आणि प्लास्टिकची गुलाबं एकाच भावात होती. हारूनच्या बादल्या पडून राहिल्या. "राहूं दे," तो म्हणाला, "बादलीसाठी कधी कुणी हॉर्न वाजवलान नाय."

मग एका संध्याकाळी अर्बाबची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. हॉर्न वाजला. हारून चहा घेऊन पळाला. अर्बाब सालिमने आपलं दुकान आजवर आतून पाहिलेलंच नव्हतं. त्याला कुणी सांगितलं असतं की आत हत्ती बांधलाय, तर त्याने मान्य केलं असतं.

"हारून," चहाचा घोट घेऊन अर्बाब म्हणाला, "पंपाची कंपनी पंप बदलणार आहे. ऑस्ट्रेलियाचा माणूस आणलाय. पंपावर मोठं दुकान होणार, काचेचं."

"चांगलं आहे, अर्बाब."

"त्यांना गाड्या धुवायला जागा पण पाहिजे. तुझी जागा पाहिजे."

हारूनचे हात ट्रेवरच राहिले.

"मी म्हटलं, आधी दुकान चालवून दाखवा," अर्बाब म्हणाला. "ईदनंतर तो ऑस्ट्रेलियाचा माणूस बघायला येईल. काचेचं दुकान चाललं, तर इथे धुलाई. नाही चाललं, तर मुस्तकबल इथेच. खलास."

"आणि मी, अर्बाब?"

"तू? तू फार चांगला माणूस आहेस, हारून."

अर्बाबने असं म्हटलं की माणसाने पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवावं. दुकान गेलं की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की दोघं दापोलीकडच्या त्या घरी, जिथे दिवसातून एक एसटी सोडली तर हॉर्न नाही. हारूनला घरी जायची भीती नव्हती. घरी जाऊन बसायची होती.

हवाबीने सगळं ऐकून घेतलं आणि वेलाकडे बघितलं. "म्हणजे आपण काय करायचा?"

"काय नाय. ते दुकान बुडायची वाट बघायची."

"येवढंच?"

"येवढंच. आपण हात पण लावायचा नाय."

योजना अगदी सोपी होती. तिच्यात हारूनचे पाय धरलेले नव्हते, एवढीच काय ती उणीव.

काचेचं दुकान बघता बघता उभं राहिलं. दार आपोआप सरकायचं. मॅनेजर म्हणून मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसातून इग्नेशियस आला. मूळचा वसईचा, अंगाने गोल, गळ्यात टाय. मराठी बोलणारा शेजारी मिळाला म्हणून तो पहिल्याच दिवशी हारूनला मिठी मारायला आला, आणि आपण याचं दुकान बंद पाडायला आलो आहोत हे आठवून अर्ध्यावर थांबला. मिठीचे हात त्याने तसेच वर नेऊन आळस दिला.

"हारूनभाय, राग मानू नका. नोकरी आहे."

"राग कसला? तुमचं पण पोट आहे."

"पोट तर दिसतंच आहे," इग्नेशियस म्हणाला.

त्यानेच ऑस्ट्रेलियाचं गणित समजावलं. तिकडे म्हणे सुपरमार्केटांनी पेट्रोल पंप गिळले आणि पंपांची सुपरमार्केटं झाली. दूध घेतलं की पेट्रोल स्वस्त, पेट्रोल घेतलं की कॉफी समोर. लोक गाडीतून उतरतात, पैसे द्यायला आत चालत जातात, आणि त्या वाटेवर नको असलेल्या वस्तू विकत घेतात. ब्रेटसाहेब नावाचा जो माणूस हे सगळं घेऊन आला होता, त्याचं म्हणणं असं, की पेट्रोलात काही राहत नाही. दारापासून गल्ल्यापर्यंतची जी चाल असते ना, तिच्यात धंदा आहे.

"म्हणजे पेट्रोल तुमचे कामगार भरणार, पण पैसे आत?"

"पैसे आत. गिऱ्हाईक खाली उतरणार, आत येणार."

हारूनने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "कोण उतरणार?"

"गिऱ्हाईक."

"इब्रात?"

इग्नेशियसने टाय सैल केली. याच काळजीने त्याला झोप लागत नव्हती.

दुकानातलं सामानही ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीने भरलं होतं. तिथे शेकोटीच्या लाकडांच्या गोणी होत्या, बाहेर सावलीतसुद्धा अंडं शिजेल अशा हवेत. आणि कोपऱ्यात एक वेगळा फ्रीझर होता, त्यावर माशाचं चित्र. त्यात गळाला लावायचं आमिष होतं. ऑस्ट्रेलियात लोक पेट्रोल भरतात आणि मासे धरायला जातात, म्हणून. इब्रापासून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. जवळपासचं पाणी म्हणजे पंपामागची टाकी. पण योजनेत फ्रीझर होता, म्हणून फ्रीझर आला.

दुकान सुरू झालं. पहिली गाडी आली, कामगाराने पेट्रोल भरलं आणि आत जायची खूण केली. गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, काचेच्या दुकानाकडे पाहिलं, आणि हॉर्न वाजवला. मागच्या गाडीने वाजवला. त्याच्या मागच्याने. आत इग्नेशियस गल्ल्यामागे हसू धरून उभा होता. दार आपोआप उघडलं, एक बकरी आत आली, थंड हवा खाऊन बाहेर गेली. पुन्हा हॉर्न.

शर्कियाच्या भविष्यात हारून डोळे मिटून उभा होता. आपण हात पण लावायचा नाय, तो स्वतःशी म्हणत होता. डोळे उघडले तेव्हा तो पंपावर होता, पहिल्या गाडीच्या काचेशी.

"रफीक, हे पेट्रोलचे. आणि एक पाणी आण."

लोक पायावर धोंडा पाडून घेतात. हारूनचे पाय स्वतः धोंड्याकडे धावत गेले. तो पैसे घेऊन काचेच्या दुकानात शिरला, पेट्रोलचे भरले, आणि पाण्याची बाटली समोरच होती म्हणून तीही उचलली. पाणी आणायला आपल्या दुकानापर्यंत परत जाणं सुचायला डोकं लागतं, आणि डोकं अजून मागेच होतं. दुसऱ्या गाडीला चहा हवा होता. तिथल्या मशीनमधून कॉफी आली, तीच दिली. तिसऱ्याला बर्फ. इब्रातल्या बायकांच्या बुधवारच्या बाजाराहून परतणाऱ्या बायकांची एक आख्खी गाडी होती, त्यांनी तर लाकडाची गोणीसुद्धा मागवली. का, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी होतं. "हारूनभाय, मस्कतहून फोन आला होता. म्हणतात, गिऱ्हाईक दारापासून गल्ल्यापर्यंत चाललं."

"चाललं ना. मीच चाललो."

"दार येणारे मोजतं, पण आत कोण आला ते त्यांना दिसत नाही. आला, एवढंच दिसतं."

इग्नेशियस प्रामाणिक माणूस होता. त्याने हारूनला फुकट राबवून घेतलं नाही. त्याने त्याला गिऱ्हाइकांसाठी असलेलं पॉइंटांचं कार्ड दिलं. इब्रातलं सगळं पेट्रोल हारूनच्या कार्डावर चढायला लागलं. महिनाअखेरीस मस्कतहून एक चौकट आली, 'महिन्याचा सर्वोत्तम ग्राहक', आत हारूनचा घाम पुसतानाचा फोटो. ती काचेच्या दुकानात दाराशीच टांगली. सोबत बक्षीस होतं, मासे धरायची काठी.

हवाबीने काठीकडे पाहिलं. "ज्या दुकानानं आपल्याला गिळायचंय, त्याचे तुमी उत्तम गिऱ्हाईक?"

"मी नाय गेलो गं. पाय गेले."

"मग पायांना बोलवा इकडे. मी पायांशीच बोलते."

पण हवाबीचा तोंडाळपणा फार टिकला नाही, कारण तिचाही पाय घसरला होता, आणि तोही काचेच्याच दुकानात. नवऱ्याला ओढून आणायला म्हणून ती आत गेली, तेव्हा तिने तो माशाचं चित्र असलेला फ्रीझर उघडला. आत आमिष होतं. आमिष म्हणजे कोळंबी. चांगली बोटाएवढी, सोललेलीसुद्धा नाही, बर्फात गारठलेली.

"इग्नेस, हे काय हाय?"

"भाभी, ते खायचं नाही. गळाला लावायचं."

"गळाला?" हवाबीने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. समुद्राकाठच्या माणसाला इब्रात येऊन दीड-दोन ऋतू झाले की त्याचं काय होतं, ते समुद्राकाठच्याच माणसाला कळतं. "म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मासे ही कोळंबी खातात, नि आमी दोडका?"

इग्नेशियसने इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "भाभी, आमच्याकडे सुकी करतात. चिंच घालून."

"आमच्यात कोकम."

त्या दुपारी भविष्याच्या मागच्या खोलीत आमिषाचं कालवण झालं. इग्नेशियस टाय खांद्यावरून मागे टाकून जेवला. दुसऱ्या दिवशी परत. त्याच्या पुढच्या दिवशी फ्रीझर रिकामा झाला. इग्नेशियसने आमिष संपल्याचं कळवलं, आणि मस्कतहून आणखी एक फ्रीझर आला. ब्रेटसाहेबाने म्हणे नकाशा काढून इब्रा कुठे आहे ते पुन्हा बघितलं, आणि लोकांना मासेमारीचा एवढा नाद आहे तर पाणी नक्की असणार, असं ठरवलं.

जेवताना हारूनने पहिल्यांदा सरळ विचारलं, "इग्नेस, दुकान चाललंय म्हणजे आमी चाललो ना?"

इग्नेशियसने घास खाली ठेवला. "हो."

बाहेर हॉर्न वाजला आणि हारून बोटं चाटत उठला.

रमजानात दिवसा रस्ता सुना असायचा. हॉर्न नाही. हारूनच्या पिंढऱ्या दुखायला लागल्या, आराम केल्यामुळे. तो दुकानात येरझारा घालायचा आणि हवाबी त्याला सांगायची, "बघा, जमतंय की. आता येवढंच करा. तो गोरा येईल त्या दिवशी असंच बसा. एक दिवस. त्याला दिसूं दे की कोण उतरत नाय."

"आणि पाय?"

"पाय बांधूया."

रंगीत तालीम ईदच्या दुसऱ्याच दिवशी केली. हवाबीने आपल्या ओढणीने हारूनचा डावा पाय तांदळाच्या भरलेल्या पोत्याला बांधला. एका पाणी-टँकरवाल्याने हॉर्न दिला. पोतं पंपापर्यंत गेलं. वाटेत फाटलं ते वेगळंच, त्यामुळे भविष्यापासून काचेच्या दुकानापर्यंत बासमतीची एक सरळ पांढरी रेघ पडली आणि गावातली सगळी कबुतरं त्या रेघेवरून चालत काचेच्या दुकानात शिरली. इग्नेशियसच्या दाराने त्यांचीही मोजणी केली.

"आता माझा शेवटचा उपाय," हवाबी म्हणाली. "मी दारात बसते. मला ओलांडून जा, नि मग बघा."

ब्रेटसाहेब आला तो दिवस असा होता की टाकीच्या नळाला हात लावला तर फोड यावा. उंच, गोरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, गुडघेही गोरे. त्याने भाड्याची गाडी लावली, खाली उतरला, काचेच्या दाराशी थांबून मागे बघितलं, जणू इब्राला दाखवत होता की असं उतरायचं असतं. अर्बाब सालिमही आला होता. तो गाडीतच बसला. पाहणीला आलोय म्हणून खाली उतरावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

भविष्यात हारून गल्ल्यामागे बसला होता, दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरून. दारात हवाबी पाट टाकून बसली होती, पाठ रस्त्याकडे, तोंड त्याच्याकडे. मांडीवर दोडका, पुढ्यात विळी.

पहिला हॉर्न वाजला.

"नाय," हवाबी म्हणाली.

दुसरा. तिसरा, लांबलचक. हारूनचे गुडघे वर आले.

"नाय म्हटलं ना! इकडे बघा. माझ्याकडे बघा."

"हवा, बकऱ्यांची गाडी आहे. बकऱ्या उन्हात..."

"बकऱ्यांचं मी बघते. निकाहाच्या दिवशी उठलात. आज उठायचं नाय."

हारून बसून राहिला. त्याच्या कपाळावरून घाम उतरला, नाकाच्या शेंड्यावर थांबला, त्याने पुसला नाही, कारण हात सोडला असता तर बाकीचा हारूनही गेला असता.

बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या, सगळ्यांच्या हातात पैसे, सगळ्यांचे एसी चालू, आणि उतरत कुणीच नव्हतं. हॉर्नांचा असा गदारोळ झाला की पलीकडच्या स्वस्त दुकानातली अजान देणारी घड्याळं बिथरून एकदम सुरू झाली. काचेच्या दुकानात ब्रेटसाहेब इग्नेशियसला विचारत होता, "रोज येणारी माणसं कुठे आहेत?"

इग्नेशियसने भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

शेवटी ब्रेटसाहेबच बाहेर आला. दोन्ही हात वर करून, "या, आत या, आत थंड आहे," असं इंग्रजीत ओरडत तो पहिल्या गाडीपाशी गेला. गाडीतल्या मागच्या सीटवर एक म्हातारी होती. तिने काच बोटभर खाली केली आणि पेट्रोलचे पैसे त्याच्या हातात ठेवले. मग बर्फ आणि लबन सांगितलं. नवा रफीक जरा जास्तच भाजलाय, असं काहीतरी ती शेजारणीला म्हणाली.

ब्रेटसाहेब सभ्य माणूस होता. म्हातारीला नाही कसं म्हणणार? तो आत गेला, लबन आणि बर्फ घेऊन आला. तेवढ्यात दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला आणि त्याने मागे वळून बघितलं. बघायला नको होतं. इब्रात हॉर्नाकडे वळून बघितलं की तो तुमचा झाला.

भविष्याच्या खिडकीतून हारून हे बघत होता. हवाबीला त्याचा चेहरा दिसत होता, बाहेरचं दिसत नव्हतं.

"काय झाला?"

"गोरा पळतोय."

"कुणाच्या मागे?"

"पाणी घेऊन पळतोय. हवा... तो चुकीच्या बाजूने जातोय. गाडीच्या त्या बाजूला ड्रायव्हर नसतो."

"तुमी बसा."

सहा-सात गाड्या झाल्या असतील. ब्रेटसाहेबाचे गुडघे आता गोरे राहिले नव्हते. तो मध्येच थांबला, आभाळाकडे बघितलं, तिथेही सावली नव्हती, आणि धडपडत आपल्या भाड्याच्या गाडीत जाऊन बसला. एसी पूर्ण सोडला. डोकं मागे टेकलं. काचेचं दुकान समोरच होतं, दार आपोआप उघडत होतं, आत पाण्याने भरलेले फ्रीज होते. फक्त उतरायचं आणि चालायचं. दारापासून गल्ल्यापर्यंत.

त्याचा हात हळूच वर आला आणि त्याने हॉर्न वाजवला.

लहानसा, लाजरा हॉर्न होता. हारूनने स्टूल इतकं घट्ट धरलं की त्याचा एक पाय सुटून हातात आला. स्टुलाचा. तो तिरका होऊन भिंतीला टेकला, पण उठला नाही. एवढे हॉर्न वाजूनही हारून परकार जन्मात पहिल्यांदा बसून राहिला होता. त्याने विजयाने हवाबीकडे बघितलं.

पाट रिकामा होता. दोडका अर्धा चिरलेला होता.

हवाबी गाडीच्या काचेशी उभी होती, ओढणी सावरत. "एश यब्गा?" तिने दम खात विचारलं. काय हवं?

"पाणी," ब्रेटसाहेब म्हणाला.

ती पळत आली, स्वतःच्या दुकानात शिरली, स्वतःच्या फ्रीजमधली बाटली घेतली आणि पळत गेली. तिचं डोकं तिच्या पायांच्या बरोबर चालत होतं, तिला अजून सवय नव्हती. ब्रेटसाहेबाने काच खाली करून बाटली घेतली, घटाघटा प्यायला, पैसे खिडकीतूनच दिले. मग त्याने आपल्या हाताकडे बघितलं, जो अजून हॉर्नावर होता. बराच वेळ बघत राहिला.

शेजारच्या गाडीतून हसण्याचा आवाज आला. अर्बाब सालिम स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

बैठक तिथेच झाली. दोन गाड्या, दोन काचा खाली, मध्ये इग्नेशियस उभा, इकडचं तिकडे सांगायला.

"साहेब म्हणतात, हे लोक गाडीशिवाय आत येणार नाहीत," इग्नेशियस म्हणाला.

"मग गाडीसकट येऊ दे," अर्बाब म्हणाला. तो थट्टेत बोलला होता. पण ब्रेटसाहेबाने वळून काचेच्या दुकानाकडे बघितलं. लांब, मोकळी खोली. पुढून मोठं दार, मागून मोठं दार. पाण्याची टाकी पाठीमागेच.

"साहेब विचारतात, धुलाईसाठी ही जागा चालेल का?"

अर्बाबचं हसू थांबलं. त्याने काचेचं दुकान पाहिलं, मग मुस्तकबल पाहिलं, बोर्डाला लटकलेल्या दोडक्यांसकट. "आणि माझं दुकान?"

"राहील तिथेच. साहेब म्हणतात, तिथे काहीच बदलू नका. आणि ते फ्रीझर तिकडे हलवा. मासेमारीवाल्यांची सोय होईल."

हवाबी पाण्याची रिकामी बाटली छातीशी धरून ऐकत होती. एवढं तिला कळलं. ती दुकानाकडे वळून ओरडली, "अवो! राहिलो! आपण राहिलो!"

आतून हारूनचा आवाज आला, "मी उठूं का आता?"

पाऊस त्या भागात सहसा पडत नाही, पण काचेच्या दुकानात आता रोज पडतो. गाड्या पुढच्या दारातून शिरतात, चारी बाजूंनी फवारे येतात, आणि आतल्या माणसांना उतरावं लागत नाही. आख्ख्या इब्राने रांग लावली. इग्नेशियस मॅनेजर आहे, टाय तशीच, खाली गमबूट. भिंतीवरची चौकट कुणी काढली नाही, त्यामुळे महिन्याच्या सर्वोत्तम ग्राहकाच्या तोंडावर दर गाडीला साबण उडतो. दुपारी इग्नेशियस जेवायला भविष्यात येतो, ओला.

हारूनचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. हॉर्न वाजला की हवाबी उठायची. पहिले काही दिवस दोघं एकदम उठले आणि दारात एकमेकांवर आपटले. "तुमी बसा," ती म्हणाली, "बसायला आता शिकलात ना?" गिऱ्हाइकांनाही ती बरी वाटायची. ती परत यायची ती बातम्या घेऊन यायची, कुणाकडे लग्न, कुणाची बकरी व्याली. हारून गल्ल्यामागे बसायचा. गुडघा खाली-वर, खाली-वर. त्याने डबे पुढे-मागे केले. फ्रीज उघडला, बंद केला. दुकान वाचलं होतं, व्हिसा होता, दोडका होता, कोळंबी होती. आणि त्याला कुठेतरी जायचं होतं, कुठे ते कळत नव्हतं.

एका दुपारी त्याला राहवलं नाही. तो मागच्या दाराने बाहेर पडला, सामान आणायच्या आपल्या जुन्या पिकअपमध्ये जाऊन बसला, ती वळसा घालून दुकानासमोर आणली, एसी लावला, आणि हॉर्न वाजवला.

हवाबी पळत बाहेर आली. "एश यब्..." आणि थांबली. काच बोटभर खाली झाली.

"एक चाय," आतून नवरा म्हणाला. त्याचे पाय अगदी गप्प होते. "साखर कमी."

हवाबीने कमरेवर हात ठेवले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, जिथे कुठलाही ट्रक नव्हता.

"चाय हाय," ती म्हणाली. "पण पैसे आत येऊन द्यायचे. खाली उतरा."